प्रेमिला मॅडमची वीतभर जमीन

बेसा गावाच्या पुढच्या एका शाळेत प्रेमिला गजभिये मॅडम आणि मी नऊ वर्षं सोबत शिकवलं. होळी झाली की त्या चौथीच्या पोरांना घेऊन शाळेमागच्या पडीक जागेतून नाल्याकाठच्या पळसांपर्यंत जायच्या. तोडायचं नाही, वाकून पाहायचं, एवढाच नियम. पोरं ज्याला कचरा म्हणायची, त्यातून त्या कंबरमोडी, गोखरू, दुधी अशी एकेकाची ओळख करून द्यायच्या. "कडुलिंबाचा बहर आधी नाकाले कळते, मंग डोयाले," म्हणायच्या, आणि सगळी पोरं डोळे मिटून उभी राहायची.

तीन वर्षांपूर्वी मीही सोबत गेले होते. वर्गातली करिष्मा सारखी मागे पडत होती. नाल्याजवळ तर ती खालीच बसली.

मी ओरडले, "आळस काहून करते वं? ऊठ!"

मॅडम गर्रकन वळल्या. "तिले काही म्हणू नका!" त्यांचा एवढा चढलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्या करिष्माजवळ गुडघ्यांवर बसल्या, तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. "कुठं दुखून राहिलं, बेटा?"

"गुडघे. अन् हात बी."

मॅडम पोरांना म्हणाल्या, "आज पुढं नाही जायचं. इथंच बसा. आपल्यापुढची वीतभर जमीन मोजा अन् तिच्यात काय काय आहे ते लिहा."

पळस राहिला म्हणून पोरं कुरकुरली, पण बसली. करिष्माच्या वितीत सात तऱ्हेची रोपं निघाली. त्यातलं नखाएवढं निळं फूल दाखवून तिने नाव विचारलं. ती विष्णुकांता होती, मॅडमना माहीत होतं. पण त्या तिच्या डोळ्यांकडेच पाहत होत्या. नाव मी सांगितलं.

करिष्माला स्कूटीवर घरी सोडून आले तेव्हा मॅडम रिकाम्या वर्गात बसल्या होत्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांच्या दीप्तीबद्दल कळलं. दीप्ती त्यांची एकुलती एक मुलगी, त्यांच्याच वर्गात होती. अशाच फेरीत ती म्हणाली होती, "आई, पाय दुखून राहिले." आईने सगळ्यांसमोर तिला आळशी म्हटलं. पोरं हसली. दीप्ती मुकाट्याने पळसांपर्यंत गेली, परतही आली. दुसऱ्या दिवशी तिला अंथरुणातून उठता येईना. दोन वर्षं टॉनिकं झाली, मग एका डॉक्टरने रक्त तपासलं. सिकलसेल निघाला, आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. चौदाव्या वर्षी ती गेली.

"मी डोळे उघडे ठेवा म्हणून शिकवत होते," मॅडम म्हणाल्या, "अन् माझी पोरगी पिवळी पडत होती."

करिष्माची तपासणी त्यांनीच आरोग्य केंद्रात करवून घेतली. तिचाही सिकलसेलच निघाला.

आठवड्याने तिची आई, गोपिका, तिला घेऊन शाळेत आली. "मॅडम, तपासलं नसतं तर बरं झालं असतं. आता घरचे सारे मलेच बोलून राहिले. तुह्याकडूनच आलं म्हणते."

"एकट्या आईकडून नाही येत ते. आईबाप दोघांकडून येते. माझ्या पोरीले माझ्याकडूनही गेलं, तिच्या बाबांकडूनही."

"तुमच्या पोरीले बी हाये? कशी हाये आता?"

मॅडमनी करिष्माकडे पाहिलं. "जा बेटा, बाहेर खेळ." ती गेल्यावर म्हणाल्या, "नाही ती."

गोपिका पदर तोंडाला लावून रडू लागली. मॅडम रडल्या नाहीत. गोळी रोज कशी द्यायची, पाणी किती पाजायचं, थंडीत कसं जपायचं, हे त्यांनी कागदावर लिहून दिलं, आणि गोपिकाला वाचता येत नाही हे कळल्यावर दोनदा समजावून सांगितलं.

गेल्या वर्षी मॅडम निवृत्त झाल्या. चौथीची पोरं आता माझ्याकडे आहेत. परवा त्यांना बाहेर न्यायचं होतं, एका रोपाचं नाव मला आठवेना, म्हणून मी मॅडमना फोन लावला. त्या दवाखान्यात होत्या. करिष्माला सोमवारी भरती केलं होतं, दोन महिन्यांत दुसऱ्यांदा. गोपिका घरी स्वयंपाकाला गेली की दुपारभर मॅडम करिष्माजवळ बसतात.

"आत्ताच डोळा लागला तिचा," त्या हळूच म्हणाल्या. "नंतर बोलू."