हातगाडीचं चाक

मुरबाडच्या त्या लोहाराला स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. दोन ठोके मारून उठायचा, रस्त्याकडे बघायचा, परत बसायचा. वर "सुटंल रे, घाई नाय," असं मलाच सांगायचा.

बेचाळीसच्या धामधुमीत मी एका साहेबाच्या बंगल्यावर माळी होतो. बागेतल्या जुन्या हातगाडीचं चाक गंजून बसलं, ते काढायला त्याच्याकडे नेलं. तो ठोकत असताना पोलीस शिपाई आला आणि मला दरडावून विचारू लागला, "सिद्धगडाच्या रानात लपलेल्या फरारी क्रांतिकारकांना भाकऱ्या कोण पोचवतं?" मला नाव ठाऊक होतं. घाबरून मी तोंड उघडलं, तसा हातोडा असा चालू झाला की माझं मलाच ऐकू येईना. लोहार मान वर न करता ठोकत राहिला. शेवटी शिपाई वैतागून निघून गेला.

मग त्याने चाक अलगद उचलून माझ्या हातात दिलं. ते केव्हाच सुटलेलं होतं.