गाठ वरच मारायची!

किस्से म्हणजे चपलेत शिरलेले खडे. एक काढायला वाकावं, तर दुसरा टोचायला लागतो. माझं तसंच होतं. एक सांगायला बसतो तोच दुसरा आठवतो, आणि एका जागी बसणं मला मुळात जमतच नाही! महाडात माझं सायकलचं दुकान होतं. रविवारी मी दुकानात दिसलो तर गिऱ्हाइकं काळजीनं विचारायची, "काय, बरं नाही का?"

रविवारी आम्ही तिघं डोंगरात असायचो. मी, शेजारचा बबन टेलर आणि सरकारी दवाखान्यातले अण्णा कंपाउंडर. महाड-पोलादपूरच्या डोंगरांवर जाणाऱ्या जेवढ्या म्हणून पायवाटा, तेवढ्या चालून संपवायच्या, असं खूळ अण्णांनी काढलं होतं. आम्हाला त्याची लागण झाली.

हिशेब काठीवर ठेवायचा. प्रत्येकाच्या काठीला एक सुतळी. वाट चढून गेलं की वर राहणाऱ्या कुणाकडून तरी तिला एक गाठ मारून घ्यायची. आपली आपण मारायची नाही, हा अण्णांचा कायदा. माझी सुतळी अर्धीमुर्धी, बबनची त्याहून लाजिरवाणी, आणि अण्णांची मात्र भरत आली होती. एकच वाट राहिली होती. आंबेनळीच्या घाटरस्त्यावरून वर धनगरवाडीला जाणारी. आणि नेमकी तेव्हाच अण्णांच्या बदलीची ऑर्डर आली! घाटावर!

"ऑर्डर गेली खड्ड्यात," अण्णा म्हणाले. "ती एक गाठ बसल्याशिवाय मी हा घाट चढणार नाही."

त्या दिवसांत अण्णांकडे बघवत नव्हतं. हातात खोकल्याच्या औषधाची बाटली आणि नजर खिडकीबाहेर डोंगरावर. शेवटी एक म्हातारी वैतागून म्हणाली, "सायेब, कवाधरनं हालवताव. आता औषधालाच चक्कर येल!"

*

वाटांची आम्ही प्रतवारीसुद्धा लावली होती. चढताना कुणाच्याही तोंडून पहिला शब्द जो निघेल, तो त्या वाटेचा वर्ग. 'हुश्श' म्हणजे सोपी. 'आई गं' म्हणजे मधली. 'मेलो' म्हणजे पहिल्या दर्जाची!

बबनला आपल्या सुतळीवर सगळ्या 'मेलो' हव्या होत्या. गाठी कमी तर कमी, पण भारी पाहिजेत! एकदा कशेडीच्या अलीकडे एस.टी.तून उतरत होतो, तर हा पायरीवरूनच ओरडला, "मेलो!"

अण्णा म्हणाले, "अरे, अजून एस.टी.ची पायरी उतरतोयस!"

मग एक वाट अशी निघाली, की वर पोचेपर्यंत तिघांपैकी कुणाच्याच तोंडून काही निघालं नाही. वर जाऊन एकमेकांकडे नुसते बघत बसलो. अण्णांनी बऱ्याच वेळानं तोंड उघडलं. म्हणाले, "ही मुकी वाट." हा नवा वर्ग. त्यात दुसरी वाट घालायची हिंमत पुढे कुणाला झाली नाही.

*

माझी सुतळी अर्धी का, ते सांगतो. सांगताना अजून जीव जळतो!

एका वाडीत वर एक आजी भेटली. मी काठी पुढे केली, म्हटलं, "आजी, एक गाठ मारा." आजीनं काठी हातात घेतली, वाकवून बघितली, जमिनीवर आपटून बघितली, आणि आतल्या सुनेला हाक मारली, "गो, बरी काठी हाय! काकडीच्या मांडवाला एक कमी पडत व्हती ना?"

आम्ही ताक पिईपर्यंत काठी मांडवात रोवून झाली. वर वेल चढवून झाला. आता आजीकडून परत कोण मागणार? तिनं ताक दिलेलं!

खाली उतरताना मी म्हटलं, "अण्णा, गाठी तर माझ्याच ना?"

"छे! गाठी काकडीच्या," अण्णा म्हणाले. "तुम्ही नव्यानं सुरू करा."

असा माणूस! दवाखान्यात सगळ्यांना गोड बोलून कडू औषध पाजायचा, पण सुतळीपुढे सख्ख्या भावाला ओळख दाखवली नसती.

*

उमरठच्या बाजूला एका गावात तर आमच्यावरून भांडण जुंपलं. मुंबईला गिरणीत असणारा एकजण सुट्टीवर आला होता. त्यानं सुतळीवरच्या गाठी बघितल्या आणि सगळ्या गावाला सांगून टाकलं, "ये सब सर्वेवाले हाय. गाठी मारून माप घेतात. रोड येतोय, रोड!"

झालं! एक म्हणाला, गाठ माझ्या दारात मारा. दुसरा म्हणाला, माझ्या. रस्ता आपल्याच दारावरून गेला पाहिजे! एकानं काठीचं एक टोक धरलं, दुसऱ्यानं दुसरं. अण्णा मध्ये ओरडतायत, "सुतळी सांभाळा, सुतळी!"

बबन घाबरला. घाबरला की तो काहीही बोलतो. म्हणाला, "दोघांच्याही दारावरून नेऊ!" तरी कुणी हटेना, तेव्हा म्हणाला, "आणि मधे पूल देऊ!"

त्या गावात ओढासुद्धा नव्हता. पण पूल म्हटल्यावर सगळे शांत झाले, आणि आम्हाला जेवायला घालून पाठवलं. बबन त्या गावात पुन्हा कधी गेला नाही.

*

बबनचा खरा प्रताप वेगळाच. धनगरवाडीचा धाकूबाबा लोणी घेऊन महाडच्या बाजाराला यायचा. बबननं त्याला बाजारातच गाठलं, चहा पाजला आणि धनगरवाडीची गाठ तिथल्या तिथे मारून घेतली. माणूस वरचा, गाठ त्याच्या हातची. कायद्यात बसतं की!

अण्णांना कळलं. दवाखान्याचा पांढरा कोट अंगात तसाच, तरातरा बाजारात आले. भर बाजारात बबनच्या काठीवरची ती गाठ दातांनी सोडवली! घट्ट बसली होती. सुतळीचे तंतू थुंकत धाकूबाबाला म्हणाले, "आणि तुम्ही हो, धाकूबाबा? राहता वर आणि गाठ मारता खाली? गाठ वरच मारायची! कायम लक्षात ठेवा!"

धाकूबाबा लोण्याचं मडकं सावरत म्हणाला, "बरं सायेब. ऱ्हाईल ध्यानात."

*

आणि अण्णांची राहिली होती ती वाटही नेमकी धनगरवाडीचीच. तिकडे निघालो की काहीतरी आडवं यायचंच. एकदा धुकं. एकदा दवाखान्याचा शिपाई धावत मागे आला, परत चला म्हणून. एकदा बबननं गांधीलमाश्यांचं पोळं डिवचलं.

शेवटी शेवटचा रविवार उरला. सोमवारी अण्णांना घाटावर हजर व्हायचं होतं. बेत असा ठरला, की बबननं महाडला ट्रंक एस.टी.च्या टपावर चढवायची आणि त्याच गाडीनं यायचं. आम्ही दोघांनी सकाळीच धनगरवाडी चढून, गाठ घेऊन, आंबेनळीच्या वळणावर उभं राहायचं. तिथे अण्णांनी चढायचं, बबननं उतरायचं.

चढलो. 'मेलो' वर्गाची वाट. अण्णा तर पळतच होते, मी मागून शिव्या देत. वर पोचलो, तर वाडीत शुकशुकाट! दारं ओढून घेतलेली, अंगणात कोंबड्या आणि एक कुत्रं. गुराख्यानं पलीकडच्या डोंगरावरून ओरडून सांगितलं, "सगली लग्नाला गेली, पोलादपूरला!"

अण्णा मटकन खाली बसले. डोळ्यांत पाणी आलं हो त्यांच्या! मी म्हटलं, "अण्णा, तुम्हीच मारा. मी कुणाला सांगणार नाही." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी काठीवरचा हात काढून घेतला.

थांबलो. ऊन कललं तरी थांबलो. कुणी आलं नाही. मग गाडी चुकेल म्हणून उतरलो.

वळणावर गाडी आली, थांबली. दार उघडलं आणि आधी उतरला धाकूबाबा! म्हशी पिळायच्या म्हणून लग्नातून एकटाच लवकर निघालेला.

अण्णांनी झडपच घातली. "धाकूबाबा! आत्ता वरूनच आलोय. हा घाम बघा! वर कुणी नव्हतं हो. एवढी एक गाठ मारा!"

धाकूबाबानं काठी घेतली. सुतळी चिमटीत धरली. मग त्यानं सुतळी सोडली आणि काठी अण्णांच्या हातात परत दिली.

"नाय जमायचं, सायेब. तुमीच बोललाव ना बाजारात? गाठ वरच मारायची. चला वर."

आणि चालायलाही लागला! बबन खिडकीतून असा हसला, की आतल्या बायका दचकल्या.

"ओ काका," कंडक्टर म्हणाला, "चढताय का बेल मारू?"

अण्णांनी टपावरच्या ट्रंकेकडे बघितलं. मग वर चाललेल्या धाकूबाबाच्या पाठीकडे.

"मारा बेल," ते म्हणाले.

"अहो, मला उतरू तर द्या!" बबन ओरडला, पण गाडी हलली होती.

अण्णा तोवर पहिल्या खडकावर चढले होते. तिथून वळून ओरडले, "बबन, ट्रंक घाटावरच्या दवाखान्यात नेऊन ठेव! आणि सांग त्यांना, कंपाउंडर आलेत, बाहेर चपला काढतायत!"