भावजींचे दिल्लीचे टायर

झरीपासून गंगाखेडपर्यंत असा एकही माणूस नसेल, ज्याच्यावर आमच्या भावजींनी, म्हणजे गावाच्या अप्पांनी, कधी ना कधी संशय घेतला नाही. माझ्यावर तर त्यांनी तो लग्नाच्या मांडवातच घेतला. आमच्या ह्यांचे हे चुलतभाऊ तेव्हा विशीत होते. मी हळदीच्या अंगानं उभी, वाजंत्री जोरात, आणि हे माझ्या मामांच्या कानाशी लागून विचारताहेत, "मामा, दाखवली व्हती ती हीच पोरगी ना? खात्री करून घ्या, मंग अक्षदा टाकू." मला प्रत्येक गोष्टीची यादी करायची सवय आहे, शाळेतल्या खडूंपासून कार्यातल्या पाटांपर्यंत. भावजींच्या संशयांचीही यादी मी एकदा करायला घेतली होती. वही संपली म्हणून सोडून दिली.

त्यांचा संशय आळशी नव्हता, कामसू होता. काडेपेटी घेतली की दुकानाच्या पायरीवर बसून काड्या मोजत. ज्वारी विकायला नेली की तराजूची पारडी आधी अदलाबदल करून बघत, आणि अदलाबदल करूनही काटा मधोमध राहिला म्हणजे जास्तच अस्वस्थ होत. डॉक्टरांनी ताप पाहिला तर दुसऱ्या काखेतही बघायला लावत, "एका बाजूनं काय खरं कळायलंय?" पेट्रोल पंपावर गेले की पेट्रोल आधी घरून नेलेल्या काचेच्या बाटलीत घ्यायचं, उन्हात धरून रंग बघायचा, हुंगायचं, आणि मगच टाकीत. एस.टी.त कंडक्टरनं दिलेलं तिकीट शेजाऱ्याच्या तिकिटाशी ताडून बघत. एकदा शेजारी पुढच्या गावाला जाणारा निघाला, त्याचं तिकीट साहजिकच महाग होतं. तेव्हा "माझ्याकडून कमी कामून घेतले?" म्हणून त्यांनी कंडक्टरशी परभणी येईपर्यंत हुज्जत घातली.

एक मात्र मान्य केलं पाहिजे. संशय घेताना त्यांनी कधी जात पाहिली नाही. पाटील, तलाठी, कापड दुकानदार, घरी पूजेला येणारे आमचे जंगम स्वामी, सगळे एका पंक्तीत. मी सांगते आहे ती वर्षं नामांतराच्या वादाची होती. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला आणि आडनाव ऐकून माणसं एकमेकांकडे तिरकं बघायला लागली. माझ्या वर्गातल्या पोरी न सांगता दोन बाजूंना बसायला लागल्या; मी रोज उठवून मिसळून बसवायची, मधल्या सुट्टीनंतर त्या पुन्हा वेगळ्या. भावजींचं मात्र पूर्वीचंच चालू होतं. "मी समद्यांकडं सारखंच बघतो," असं ते छाती काढून सांगत. ते खरंच होतं. सारखंच बघत, डोळे बारीक करून. आणि आपलं हे सारखेपण अख्ख्या गावाला ठाऊक आहे, असं ते धरून चालत.

भावजींकडे एक काळी फटफटी होती. गावात तशा दोनच. तिचे दोन्ही टायर झिजून तान्ह्या बाळाच्या टाळूसारखे गुळगुळीत झाले, तेव्हा नवे घेण्याचा प्रश्न आला. परभणीत टायरची दुकानं होती, पण तिथे जुन्याच टायरवर नव्या खाचा पाडून विकतात, अशी भावजींची ठाम समजूत. पुरावा विचारला तर म्हणत, "पुरावा ठेवतील का ते?" मग एके दिवशी पेपरात जाहिरात दिसली. दिल्लीची कुठलीशी कंपनी घरबसल्या टायर-ट्यूब पाठवणार. कार्ड टाकायचं, व्ही.पी. आली की पोस्टात पैसे भरायचे आणि पार्सल सोडवायचं. भावजी कार्ड घेऊन माझ्याकडे आले, कारण इंग्रजी पत्ता मी लिहायचा. मी म्हटलं, "भावजी, समोरच्या दुकानदारावर तुमचा विश्वास नाही आणि दिल्लीच्या माणसावर आहे?" ते माझ्याकडे कीव करून बघत म्हणाले, "वहिनी, तुमी लय साध्या हाव. ज्याला बघितलंच न्हाई त्याच्यावर शक घ्यायचा कसा? तोंड तर दिसाय पायजे."

हा न बघितलेल्या माणसावरचा विश्वास कार्ड पेटीत पडेपर्यंत टिकला. त्या संध्याकाळपासून पार्सलात काय काय निघू शकतं ह्याचा हिशेब सुरू झाला. विटा. चिंध्या. सायकलचे टायर. तीन आठवड्यांनी पार्सल आलं तेव्हा भावजी पोस्टात एकटे गेले नाहीत. दोन पंच, पंचनामा लिहायला मी, आणि शेजारच्या किराणा दुकानातून उचलून आणलेला तराजू. पोस्टमास्तर म्हणाले, "आधी पैसे भरा, मग फोडा. नियम आहे." भावजी म्हणाले, "भरतो की. पन फोडायच्या आदी हुंगायला तर नियम न्हाई ना?" त्यांनी पार्सल हुंगलं, कान लावला, टिचकी मारली, तोललं. पोस्टमास्तर म्हणाले, "अप्पा, नाडी पण बघा." शेवटी पैसे भरून पार्सल फोडलं. आत दोन कोरे टायर, दोन ट्यूब, वर पांढऱ्या भुकटीचा हात फिरवलेला. रबराचा वास पोस्टभर पसरला. माणसाला फसवलं गेल्यावर होतं तसलं दुःख मी भावजींच्या चेहऱ्यावर पाहिलं. दिल्लीच्या त्या माणसानं त्यांना फसवलंच नव्हतं. "आतल्या बाजूनं काय असंल, कोन सांगावं," एवढंच ते म्हणाले, आणि मी तेही पंचनाम्यात लिहिलं, कारण दोन्ही पंचांचा तसा आग्रह होता.

टायर घरी आले आणि माजघरातल्या आढ्याला दोरीनं टांगले गेले. तिथे ते अडीच महिने लोंबत होते, कारण बसवायचे कुणाकडून? परभणीचा मिस्त्री ट्यूब बदलून आपली जुनी घालणार. गावातला सायकलवाला ट्यूबला मुद्दाम चिमटा बसवणार, म्हणजे महिन्यानं पुन्हा गिऱ्हाईक. राहिला फाट्यावरचा प्रल्हाद. फाट्यावर कडुलिंबाखाली त्याचं पंक्चरचं दुकान होतं; दुकान म्हणजे एक पाण्याचं पिंप, एक पंप आणि गोणपाट. त्याचा दर सगळ्या रस्त्यात कमी होता आणि भावजींना तेच खटकत होतं. "इतकं स्वस्त कामून? पोटात काईतरी हाय त्याच्या." तरी वर्षानुवर्षं पंक्चर त्याच्याकडूनच काढत. तीन हात अंतरावर उकिडवे बसायचे आणि त्याच्या बोटांवरची नजर हलवायची नाही. प्रल्हाद थट्टेखोर होता. "अप्पा, पापनी तरी हलवा, डोळे वाळतील," म्हणायचा. एकदा काम झाल्यावर त्यानं ट्यूब त्यांच्या तोंडासमोर धरली, "विचारून घ्या तिलाच, हीच हाय का ती." भावजींनी खरंच फिरवून बघितली. पण नवे टायर? "नवी वस्तू बघून मानसाचं मन फिरतं, वहिनी. त्याचा काय दोष?"

अशातच भावजींच्या लेकीला, सुमनला, नोकरीचा हुकूम आला. पोरगी हुशार, डी.एड. झालेली, दोन वर्षं वाट बघत होती. सोनपेठच्या शाळेत शनिवारपर्यंत रुजू व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला. हुकूम पोस्टात अडकून आमच्या हातात पडला गुरुवारी, आणि त्या आठवड्यात बंद चालू होता. रस्त्यांवर दगड, एस.टी. डेपोत उभ्या. जायला साधन म्हणजे भावजींची फटफटी. मी लगेच यादी केली: सर्टिफिकिटं मेणकापडात, भाकरी, पेट्रोल, टायर. पहिल्या तीन गोष्टी शुक्रवारी सकाळी अकरापर्यंत झाल्या. चौथीपाशी आम्ही थांबलो, कारण मागच्या टायरातून आतली कापडं दिसत होती. त्यावर सोनपेठ म्हणजे जुगार होता. परभणीचा रस्ता बंद. सायकलवाला सासुरवाडीला पळालेला. फाट्यावर जाऊन बघितलं तर प्रल्हादचं पिंप उलटं पडलेलं आणि पंप खड्ड्यात. कुणी केलं, हे कुणीच सांगेना.

"त्याच्या घरी जाऊ," भावजी म्हणाले. दोन्ही चाकं काढून, नवे टायर आणि घरचा पंप घेऊन त्यांनी सगळं सायकलवर लादलं. वर टायर उचकटायच्या दोन लोखंडी, पहारीसारख्या पट्ट्या हातात घेतल्या. प्रल्हादच्या पट्ट्यांनी रिमवर चरे पडतात, हा जुना संशय. मीही बरोबर निघाले. प्रल्हादची मुलगी माझ्या वर्गात होती आणि चार दिवस शाळेत आली नव्हती.

प्रल्हाद राहायचा त्या गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीवर भर दुपारी एकही माणूस बाहेर नव्हता. सगळी दारं लावलेली. भावजी प्रल्हादच्या दारासमोर उभे राहिले आणि त्यांच्या नेहमीच्या, शेताच्या ह्या टोकावरून त्या टोकाला जाणाऱ्या आवाजात ओरडले, "पल्हाद! ए पल्हाद! भायेर ये!"

आत काहीतरी भांडं पडलं. मग शांत. भावजींनी पट्टीच्या टोकानं दार ठोकलं. "मी हाय रे, अप्पा!"

"ते घरी न्हाईत," आतून बाईचा आवाज आला.

प्रल्हादच्या चपला उंबऱ्याशीच होत्या. टायरच्या तुकड्यांच्या, त्यानं स्वतः शिवलेल्या. त्या मला दिसल्या म्हणजे भावजींना माझ्या आधी दिसल्या असणार. आयुष्यभर ज्यांनी काडेपेटीतली एक काडी सोडली नाही, ते आता काय बोलतील, ह्याच्या भीतीनं मी पुढे झाले. त्यांनी तोंड उघडलंही. तेवढ्यात तीच बाई आतून म्हणाली, अगदी हळू, जणू दाराला सांगावं तसं, "अप्पा, आमी काईच केलं न्हाई वं."

भावजी तसेच उभे. मग त्यांनी आपल्या हाताकडे बघितलं. हातात ते लोखंड होतं. पुन्हा दाराकडे बघितलं. मी त्यांना ओळखते तेव्हापासून पहिल्यांदाच असं झालं असावं, की डोळे बारीक करून बघणारं माणूस दाराच्या आत होतं आणि बघितला जाणारा माणूस बाहेर.

त्यांनी पट्ट्या खाली ठेवल्या, अजिबात आवाज होऊ न देता. चाकं भिंतीला टेकवली. त्यावर नवे टायर, ट्यूब, पंप. जरा थांबून दाराशी म्हणाले, "पल्हाद आला की सांगा, सुमीला नौकरी लागली. उद्याच्याला सोनपेठला न्यायचंय तिला. हे टायर चढवायचे व्हते. जमलं तर." आणि मला म्हणाले, "चला वहिनी."

"टायर?"

"ऱ्हाऊ द्या."

आम्ही वस्तीबाहेरच्या विहिरीच्या कठड्यावर येऊन बसलो, वस्तीकडे पाठ करून. मला राहवेना. मी मान वळवायला लागले तर भावजी दटावून म्हणाले, "मागं बगू नका. त्यांना शक येईल." ते स्वतः समोरच्या कपाशीकडे बघत होते. गळ्यातल्या इष्टलिंगावर हात होता आणि कपाळावर घाम. त्यांचे अडीच महिने राखलेले टायर, लेकीची नोकरी, सगळं एका बंद दारासमोर उघड्यावर पडलं होतं आणि ते तिकडे बघत नव्हते. मी मनात वेळ मोजत होते. अर्धा तास काहीच नाही. मग कडी वाजली. मग बरंच काही नाही. मग रिमवर लोखंडाचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं पंपाचा, एकसारखा, फुसफुस करत. भावजींनी श्वास सोडला तो त्या पंपाच्याच आवाजात मिसळला.

प्रल्हाद दोन्ही चाकं दोन हातांनी ढकलत विहिरीपाशी आला. तो चार दिवसांत उतरला होता. "अप्पा, बगून घ्या."

"बगायचं काय त्याच्यात."

प्रल्हाद माझ्याकडे बघून जरासा हसला. "बाई, अप्पाला बरं न्हाई का? पाठ करून कामून बसले?"

"ऊन लागायलतं डोळ्याला," भावजी म्हणाले. आभाळ गच्च भरलेलं होतं. प्रल्हादनं वर बघितलं. त्यानं मागितला तो त्याचा नेहमीचाच दर. भावजींनी घासाघीस केली नाही. माझ्या माहितीत ही एकच वेळ. निघताना प्रल्हाद म्हणाला, "सुमीला म्हनावं, नीट बस. मागच्यात हवा जरा जास्त ठेवलीय, दोघं हाव म्हनून." मी त्याला पोरीला सोमवारी शाळेत पाठवायला सांगितलं. "बगू," तो म्हणाला. ती पुढच्या आठवड्यात आली.

शनिवारी पहाटे दोघं निघाले आणि सकाळी साडेदहाला, शनिवारची सकाळची शाळा सुटायच्या आत, सुमननं सोनपेठच्या शाळेत हजेरीपटावर सही केली. पण मला जास्त आठवतं ते शुक्रवारचं परत येणं. भावजी सायकल ढकलत होते. मारुतीच्या पारापाशी थांबून त्यांनी विचारलं, "वहिनी, माजं तोंड भ्या वाटन्यासारखं हाय का हो?" मी म्हटलं, नाही. "खरं सांगा." मी पुन्हा म्हटलं, नाही. माझ्यावर त्यांचा विश्वास बसला नाही, ते दिसतच होतं.

त्यानंतर भावजी बदलले असं मी म्हणणार नाही. काड्या मोजायचे, पेट्रोल हुंगायचे, आणि पुढचे टायरही त्यांनी पंचांसमोरच सोडवले. फरक पडला तो एवढाच. कुणाच्याही घरी जायचं तर ते वीस पावलं आधीच रस्त्यात थांबत, हात अंगापासून लांब धरत आणि बेताच्या आवाजात सांगत, "मी आलोय बरं का. सहजच आलोय." पाटलाच्या वाड्यावर तसंच, वस्तीवर तसंच, माझ्या दारातही तसंच. लोक हसायचे. मीही हसायची. गेल्या माघात ते गेले. आता माझ्या दाराची कडी कुणीही नुसतीच वाजवतं, आणि मी हातातलं काम तसंच धरून क्षणभर ऐकत उभी राहते.