धुळे ते मेहरूण, बिनट्रेलरचा घोडा

धुळ्याच्या गॅरेजात ट्रेलर सोडला आणि नुसता घोडा (ट्रेलर ओढणारं पुढचं तोंड, म्हणजे केबिन, इंजिन आणि मागची उघडी चाकं) घेऊन सकाळी निघालो. ट्रेलरचा अ‍ॅक्सल गेला होता. ड्रायव्हर लग्नाला गावी गेलेला. लायसन माझं अजून चालू आहे, म्हणून स्वतःच आलो. घरी बसून तरी काय करणार? बायको, माझी सखू, दिवाळीत गेली. भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा रस्ता बरा.

गॅरेजवाला म्हणाला, "आबा, जपून. ट्रेलर सुटला की विमाही सुटतो म्हणतात."

"एवढी वर्षं मी काय झोपेत गाडी चालवली?" मी म्हटलं. पण बोलणं कानात राहिलंच.

धुळं मागे पडलं. दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, बांधावर मेंढरं चरत होती. मागे वजन नसलं की घोडा नुसता उडतो, प्रत्येक खड्डा पाठीच्या मणक्यांना जाऊन भिडतो. आणि ब्रेक जोरात दाबला तर मागची चाकं घसरतात. हे मला माहीत होतं. तरी पारोळ्याच्या अलीकडे वासरू आडवं आलं आणि पाय दाबला गेलाच. वासरू वाचलं. घोड्याचं बूड मात्र फिरलं आणि कडेला उभ्या मोटरसायकलला लागलं. मोटरसायकल तिच्या मालकासकट आडवी झाली. मालक दूधवाला. कॅन फुटले, डांबरावर दुधाचा ओहोळ.

"आबा, बठ्ठं दूध गयं ना मन्हं!" (सगळं दूध गेलं ना माझं!) तो ओरडला. हात मोडलाय हे त्याच्या नंतर लक्षात आलं. नाव भिका, घर जवळच्याच गावात.

समोरच्या ढाब्यावरची माणसं धावली. त्यांत एक ट्रेलरवाला होता. त्याने मला बाजूला ओढलं. "आबा, ट्रेलर नही ते इमा बी नही. या भाऊना दवाखाना तुमना घरवर ई. मन्हा ट्रेलर मांगे उभा शे. पोलीस येवाना पहिले लावी ल्या." (ट्रेलर नाही तर विमाही नाही. याच्या दवाखान्याचा बोजा तुमच्या घरावर येईल. माझा ट्रेलर मागे उभा आहे, पोलीस यायच्या आत जोडून घ्या.)

जळगावात मेहरूणचं घर सखूने उभं केलं होतं. मी रस्त्यावर असायचो, भिंतींना पाणी ती मारायची. ते घर जाणार?

चारचौघे माना डोलवत होते. धंद्यात हे सगळ्यांनाच खरं वाटतं. मी भिकाकडे पाहिलं, तो माझ्याकडे पाहत होता.

"हा डोळ्यांनी बघतोय," मी म्हटलं. "त्याला आंधळा करू का? आधी माणूस उचला."

भिकाला पारोळ्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. पोलिसांना सांगितलं, घोडा एकटा होता, ब्रेक मी मारला. पंचनामा झाला, घोडा चौकीत अडकला. मी कागद पिशवीत घातले आणि जळगावची एसटी धरली. एरंडोल आलं, गेलं. शेजारी बसलेल्या बाईने शेंगदाणे पुढे केले, ते हातातच राहिले. गिरणेच्या पुलावरून एरवी मी पाणी बघतो. त्या दिवशी नदीत पाणी होतं की वाळू, सांगता येणार नाही.

विमा ऑफिसात एक बाई होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. मी उभ्यानेच विचारलं, "ताई, घर जाणार का, तेवढं सांगा."

"आधी बसा, आबा." त्यांनी कागद पाहिले. "हा विमा कुणाचा आहे?"

"घोड्याचा."

"मग अपघात कोणी केला?"

"घोड्याने."

"मग झालं तर! घोड्याचा कागद वेगळा, ट्रेलरचा वेगळा. मागे काही जोडलेलं असो वा नसो, घोड्याचा विमा घोड्याबरोबर चालतो. लायसन, फिटनेस, परमिट सगळं चालू आहे. जखमी माणसाची भरपाई कोर्ट ठरवेल आणि ती कंपनी भरेल. तुमचा विमा फुल आहे, तेव्हा घोड्याचं नुकसानही बघू."

मी ट्रेलर जोडण्याची गोष्ट सांगितली. बाईंनी कपाळावर हात मारला. "बरं झालं नाही जोडला! दुसऱ्याचा ट्रेलर, त्याचा विमा आहे की नाही देव जाणे, आणि वर खोटा पंचनामा. मग मात्र आम्हीच हात वर केले असते."

बाहेर आलो आणि एकदम भूक लागली. ऑफिसासमोरच शेवभाजी आणि कळण्याची भाकरी खाल्ली. रस्सा इतका तिखट की डोळ्यांतून पाणी आलं. ते सगळंच काही तिखटाचं नव्हतं.

दोन-चार दिवसांनी घोडा सुटला. न्यायला गेलो तेव्हा आधी भिकाकडे गेलो. प्लास्टर गळ्यात बांधून तो ओट्यावर बसला होता. विम्याचं सांगितलं तेव्हा त्याचाही चेहरा सैल झाला. त्याच्या बायकोने भरीत-भाकरी वाढली आणि टोमणाही. "आबा, आते येशात ते हॉर्न वाजाडीसन या." (आता याल तेव्हा हॉर्न वाजवून या.) भिका हसला, हात दुखला, पुन्हा हसला.

परतीला गिरणेत पाणी होतं. केळीच्या बागा हिरव्यागार. अजिबात घाई न करता मेहरूणला आलो.

ट्रेलर असला की गाडी मला मोठ्या रस्त्यालाच लावावी लागायची, गल्लीत वळायचीच नाही. सखू डबा घेऊन तिथवर चालत यायची आणि दर वेळी म्हणायची, "एकदा तरी गाडी दारात आणा." एकटा घोडा वळतो, हे मला का सुचलं नाही कोण जाणे. त्या संध्याकाळी वळवला. तलावाकडून वारा येत होता. भिंतीला आरसा घासणार नाही असा जपून थेट दारात उभा केला.

घर जागेवर होतं. मी हॉर्न वाजवला. शेजारच्या अक्का बाहेर येऊन ओरडल्या, "अहो आबा, बहिरं करता का?"

"सखूला सांगत होतो," मी म्हटलं. "गाडी दारात आली."

अक्का आत गेल्या, कुंकू घेऊन आल्या आणि घोड्याला लावलं.