भरपाईआधीचा सत्कार

नांदेडहून लातूरला निघालो तेव्हा मी स्वतःला आंतरराष्ट्रीय माणूस समजत होतो. इंग्रजीच्या निवृत्त मास्तराला अशी संधी कधी येते हो? लातूरच्या डाळमिलवाल्यांनी मला दुभाषा म्हणून बोलावलं होतं. परदेशातून वकील येणार होता. डाळीतला काळा दाणा कॅमेऱ्यानं हेरून बाजूला उडवणारी यंत्रं तिकडच्या तीन कंपन्या बनवतात. तिघींनी गुपचूप बसून सुट्या भागांचे भाव ठरवले, म्हणे. तिकडच्या मिलवाल्यांनी कंपन्यांवर खटला भरला, हा वकील त्यांचाच, आणि इकडे लातुरात भरपाईची स्वप्नं पडायला लागली.

लोह्यापर्यंत एसटी झकास चालली. पुढे माळाकोळीजवळ तिनं धाप टाकली. "उतरा पाव्हणं, मागची येऊन राहिली," कंडक्टर म्हणाला. मागची आली ती खच्चून भरून. अहमदपूरपर्यंत आंतरराष्ट्रीय माणूस एका पायावर उभा होता.

औसा रोडवरच्या एका मिलच्या आवारात मंडप होता. संघटनेचे अध्यक्ष आप्पा पुढे आले. "आधी सुशीला खा सर." सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांना दिलेली झणझणीत फोडणी) मी दोनदा खाल्ली. शेजारी महादेवीताई पावत्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. छोटी मिल त्या एकट्या चालवतात. यंत्राचा कॅमेरा गेलेला, नवा परवडेना.

"लई (फार) दिवस बंद हाय मिल," त्या म्हणाल्या. "इकत घ्यायला गिऱ्हाईक आलंय. भरपाईसाठी थांबवून ठेवलंय त्याला."

आपल्याकडे कामाआधी सत्कार लागतो. वकीलसाहेबांना शाल, श्रीफळ, वर गुलाबी फेटा. ते इंग्रजीत बोलले आणि भाषांतराची वाट न बघता मंडपानं टाळ्यांचा कडकडाट केला. मग मी मराठीत सांगितलं, "तुमचं नुकसान खरं आहे. पण ते लातुरात झालं. आमचा कायदा फक्त आमच्या देशातलं नुकसान भरून देतो."

टाळ्या जागच्या जागी विरल्या.

"मग आम्ही जावं कुठं?" आप्पांनी विचारलं.

"दिल्लीला, स्पर्धा आयोगाकडे," मी साहेबांचं उत्तर सांगितलं. "परदेशात झालेला कटही तुमचा कायदा धरतो."

"गेलतो की! ते म्हणले, कटाचा पुरावा आणा. बैठक तर यांच्याच गावात झाली ना!"

साहेबांनी सहानुभूतीनं फेटा हलवला. मग ते मुद्द्यावर आले. भाव सगळीकडे एकदम चढले, हे त्यांना कोर्टात दाखवायचं होतं. त्यासाठी लातूरच्या पावत्या हव्या होत्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण दुभाष्याला राग परवडत नाही.

"इचारा त्यांना," महादेवीताई म्हणाल्या, "माझ्या पावत्यांवर त्यांच्याकडच्या मिलवाल्यांना पैसे भेटतील?"

"भेटू शकतील."

"आन् मला?"

साहेब "दुर्दैवानं" म्हणाले आणि फेटा सावरू लागले.

ताईंनी पिशवी उचलून काखेत मारली. "सांगा मग. नुकसान लातूरचं, तशा पावत्या बी लातूरच्याच हायत. तुमच्या कायद्याला हितं यायला जमत न्हाई ना? मग ह्यांना बी तिकडं यायला जमत न्हाई."

हे भाषांतर मी आयुष्यात केलेलं सर्वात चोख. या वेळी टाळ्या योग्य जागी पडल्या.

परतीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. चाकूर मागं पडलं तरी मी एकटाच हसत होतो. भाव चढवताना त्या तिघी कंपन्यांना लातूर बरोबर सापडलं होतं. भरपाईच्या वेळी तेवढं नकाशातून गेलं. चला, एका बाईनं तरी ठणकावून सांगितलं, या समाधानात मी नांदेडला उतरलो.

तुरीचा हंगाम तोंडावर आला तेव्हा ताईंचा फोन आला.

"सर, मिल सुरू झाली. गिऱ्हाइकाला अर्धी भागी दिली आन् कॅमेरा मागवला."

"त्याच कंपनीचा?" मी तडकलो. "दुसऱ्या कुणाचा तरी घ्यायचा ना!"

"इचारलं की," त्या म्हणाल्या. "तिघींचा भाव अजून तोच हाय."