कार्डांची मागची बाजू

एर्सीलियाबाई इटलीतल्या आमच्या ऊदिने शहरातल्या भाषा संस्थेत उदाहरण-वाक्यांची कार्डं टंकायच्या आणि सांभाळायच्या. तोंडाला अजिबात लगाम नाही! "वाया गेलं म्हणून कार्ड फेकलंस तर याद राख. मागची बाजू कोरी आहे ना?" असं मला रोज ऐकवायच्या. अजून आठवलं की हसू येतं.

प्राध्यापक मोरास्सुत्तींचा जन्म कर्मणी प्रयोगात गेला. लॅटिनच्या पोटी आलेल्या भाषांत 'दार बंद केलं आहे' हा क्रियापदाचा काळ मानायचा, की दाराची नुसती अवस्था? आमच्या फ्रियुली बोलीत 'असणं' जोडलं की अवस्था आणि 'येणं' जोडलं की क्रिया. पण एवढ्यावर विद्वानांचं भागतंय कुठलं! उदाहरणं गोळा करायला त्यांनी मला गावोगाव पिटाळलं.

बाईंच्या गावी त्यांची आई, लुचिंदा आजी, एकटीच राहायची. आमच्याकडे मक्याच्या पिठाचा पोलेंटा कढईत शिजतो आणि तळाला खरवड धरते. मी म्हटलं, "आजी, 'पोलेंटा मुलीकडून खाल्ला गेला', हे तुमच्या बोलीत सांगा." आजी भलतंच काहीतरी बोलल्या. मी पेन्सिलीनं टिपलं, पण त्यात कर्मणी कुठे होता? कार्ड रद्दीच्या खोक्यात टाकलं.

दोन वर्षांनी, शहात्तरच्या मे महिन्यात, भूकंप झाला. गाव गेलं, आजी गेल्या. ढिगाऱ्यातून त्यांचा एक फोटोसुद्धा निघाला नाही.

महिन्याभरानं बाई माझ्या टेबलापाशी आल्या. "आई तुला काय म्हणाली होती रे?"

मला आठवेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बाई, मी ते रद्दीत टाकलं."

"गाढवा, मग ते इथंच आहे!"

खरंच की! रद्दी कार्डांच्या पाठीवरच तर त्या नवी वाक्यं टंकायच्या. आठ हजार कार्डं, काळांप्रमाणे लावलेली. आम्ही खण ओढून एकेक उलटायला लागलो. प्राध्यापक दारातून ओरडले, "अहो, क्रम बिघडेल!"

"बिघडू दे," बाई म्हणाल्या.

प्राध्यापक आत आले. मग कोट काढला आणि तिसरा खण ओढला.

तिसऱ्या दिवशी सापडलं. पुढे 'शेळी विकली गेली', मागे माझं गिचमिड अक्षर: "कुठली मुलगी? एर्सीलियाची खरवड कुणी खाल्ली? शनिवारी येईल ती. कढईत ठेवलीय तिच्यासाठी." कोपऱ्यात तारीख होती.

बाईंनी तारीख दोनदा वाचली.

"त्या शनिवारी मी कंटाळा केला रे," त्या म्हणाल्या. "गेलेच नाही."