घरचा रोग

छत्रीबागेतले सुधाकरकाका अकरा वर्षं राऊजवळच्या एका खाजगी संशोधन केंद्रात पपया सांभाळत होते. विषाणूचाच एक तुकडा पपईच्या जनुकांत बसवून तिला त्या विषाणूपासून वाचवायचं, हे मितालीमॅडमचं काम. काकांचं काम उलटं, झाडांना रोग लावायचा. रोगट पान कुटायचं आणि त्याचा रस कोवळ्या पानांवर बोटानं चोळायचा. एरवी मात्र साबणानं हात धुतल्याशिवाय ते झाडाला शिवत नसत. रोगट पानं घरूनच नेत. कुमुदिनीकाकूंनी अंगणात लावलेली प्रत्येक पपई याच रोगानं आकसून जायची.

सातव्या ओळीतली झाडं किती चोळली तरी हिरवीगारच राहिली.

"पहिलं बी तुझं," काका काकूंना म्हणाले होते.

यंदा पुढच्या चाचणीची परवानगी आली नाही. नियमाप्रमाणे सगळी झाडं जाळून पुरायची होती.

"मॅडम, फळं पण?"

"सुधाकरजी, आपको तो सब पता है. एक बीसुद्धा बाहेर जायला नको." मॅडम दुसरीकडे पाहत होत्या.

काकांनीच झाडं तोडली, आग लावली. निघताना डब्याच्या रिकाम्या पुडात सातव्या ओळीच्या मूठभर बिया होत्या.

फाटकावरचा गार्ड सगळ्यांच्या पिशव्या उघडत होता. मॅडमची पर्ससुद्धा त्यानं सोडली नाही. काकांना मात्र म्हणाला, "आप निकलो भिया. आपका डब्बा खोलूँगा तो पाप लगेगा."

काका मागे फिरले आणि डबा आगीत पालथा करून आले.

घरी काकूंनी डबा उघडून पाहिला. "बी?"

"आगीत टाकलं," काका चपला काढत म्हणाले.

"अकरा वर्षं माझ्या अंगणातला रोग नेलात. औषध आणायची वेळ आली तर... वा जी! उद्यापासून डब्यात भाजी नको. इमानदारीच बांधून देते."

जाळलेल्या जमिनीवर काही उगवलं तर उपटायचं, हाही नियमच. ते काम काकांकडे आलं. पावसाळ्यात राखेतून चौदा रोपं वर आली. पानं स्वच्छ, एक ठिपका नाही.

घरची पपई पिवळी पडली आहे. तिची पानं न्यायचं आता कारण नाही. काका सकाळी राऊला जातात, नळावर साबणानं नीट हात धुतात आणि मग रोपं उपटायला बसतात.